हिरव्या ठिपक्याची किंमत

फेब्रुवारी महिना. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यात कोल्सबर्न पार्कची झाडं अजून उघडीबोडकी, पायाखाली गार चिकचिकाट. आणि चांगली पोक्त माणसं त्या चिखलात गुडघे टेकून, मान वाकडी करून फुलांना खालून न्याहाळताहेत.

दुसरा इलाज नाही, कारण हे स्नोड्रॉपचं फूल मान खाली घालूनच फुलतं. बाहेर तीन लांब पांढऱ्या पाकळ्या, आत तीन आखूड, आणि आतल्या पाकळ्यांवर हिरवी खूण. जातीजातींतला बराचसा फरक या खुणेत असतो. ‘ग्रम्पी’ नावाच्या वाणात तर तिच्यातून चक्क आंबट चेहऱ्याचा म्हातारा दिसतो.

कोल्सबर्नचा हा वारसा हेन्री जॉन एल्विस या जमीनदाराचा. शिकार, फुलपाखरं, वृक्ष अशा नाना नादांपायी सिक्कीमपर्यंत भटकलेला हा गृहस्थ. 1874 मध्ये स्मर्नाजवळच्या, म्हणजे आजच्या इझमीरजवळच्या डोंगरात त्याला रुंद पानांचा, मोठ्या फुलांचा स्नोड्रॉप सापडला. तो पुढे त्याच्याच नावानं ‘गॅलॅन्थस एल्वेसी’ झाला. कोल्सबर्नच्या बागेत आज शेकडो वाण आहेत.

झाड मात्र वीतभर. कंद सांबारातल्या छोट्या कांद्याएवढा. कांदा-लसूण याच कुळातले, पण हा कंद विषारी. पानांची टोकं कडक, गोठलेली माती फोडायला. कडाक्याच्या थंडीत सगळं झाड आडवं पडतं आणि ऊन आलं की पुन्हा उभं राहतं. बियांना चिकटलेल्या खाऊच्या लोभानं मुंग्या त्या वाहून नेतात.

बियांपासून आलेलं रोप मात्र आईसारखं निघेलच असं नाही. हवा तोच वाण वाढवायचा तर कंदच वाढवावा लागतो, आणि तो स्वतःच्या चालीनं वाढतो. घाई असलेले लोक धारदार पात्यानं कंदाच्या उभ्या फोडी करतात. प्रत्येक फोडीला तळाच्या चकतीचा तुकडा राहिलाच पाहिजे. मग बुरशीनाशक चोळून त्या ओलाव्यात, अंधारात ठेवायच्या. काही आठवड्यांनी इवले कंद धरतात. फुलासाठी पुढे आणखी तीन-चार वर्षं.

पैसा या उशिराचा आहे. पिवळ्या खुणांचा ‘गोल्डन फ्लीस’ हा वाण घडवायला त्याचे जनक जो शार्मन यांना 18 वर्षं लागली. 2015 मध्ये त्याचा एक कंद 1,390 पौंडांना गेला. 2022 मध्ये ‘गोल्डन टीअर्स’ या वाणाच्या कंदानं 1,850 पौंडांपर्यंत मजल मारली. एवढ्यावर चोर गप्प कसे बसतील? दुर्मीळ कंद बागांतून उपटून नेले जातात. तुर्कस्तानच्या डोंगरांतून रानटी कंदांची पोतीच्या पोती गेली, तेव्हा 1990 मध्ये त्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले.

मला यातली ‘लेडी एल्फिन्स्टन’ सगळ्यांत आवडते. दुहेरी पाकळ्या, आत पिवळ्या खुणा. हौशी माणूस त्या पिवळ्यापायी तिला घरी आणतो, मायेनं लावतो. जागा बदलल्याच्या रागात बाई पुढची एक-दोन वर्षं साध्या हिरव्या खुणाच दाखवतात. आणि मालक दर फेब्रुवारीत गुडघे टेकून बघतोय, यंदा तरी पिवळं आलं का.