उन्हाळा काढणाऱ्या भाज्या

खानदेशात मे महिना हा पालेभाजीचा दुष्काळ असतो. जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो, विहिरी तळ गाठतात आणि मेथी, पालक, कोथिंबिरीचे वाफे करपतात. या भाज्यांची मुळे जेमतेम वीतभर खोल. वरची माती तापली की त्यांचा कारभार आटोपतो. परसातला शेवगा मात्र तेव्हाही उभा असतो. एकदा लावले की वर्षानुवर्षे खायला देणाऱ्या अशा झाडा-वेलींना बहुवर्षायू भाज्या म्हणतात. कुणी खोडाच्या बळावर उन्हाळा काढते, कुणी जमिनीखालच्या कंदाच्या.

खरे तर वांगे आणि मिरचीही मुळात बहुवर्षायूच. दुसऱ्या वर्षी उत्पन्न घटते आणि कीड वाढते, म्हणून शेतकरी ती उपटून टाकतो. जळगावच्या ज्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही याला अपवाद नाही.

शेवग्याचे सगळेच उपयोगी: शेंगा, फुले आणि कोवळा पाला. खानदेशी काळ्या मसाल्याच्या रश्श्यात शेंगा सगळ्यांना हव्या असतात. पाल्याकडे मात्र निम्मी घरे पाहतही नाहीत, आणि हे नुकसानच आहे. कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वाला लागणारे घटक शेंगेपेक्षा पाल्यात कितीतरी जास्त. देठ काढून, कांदा-लसणाच्या फोडणीत, मूठभर मूगडाळ घालून ही भाजी दहा मिनिटांत होते. तमिळनाडूतील पेरियाकुलम येथे विकसित झालेला पीकेएम-1 हा वाण बियांपासून येतो आणि सहा ते आठ महिन्यांत शेंगा देऊ लागतो. गावठी शेवगा फांदी लावून वाढवतात. झाड मीटरभर झाले की शेंडा खुडावा आणि दरवर्षी शेंगा संपल्यावर छाटणी करावी. न छाटलेला शेवगा उंच जातो, शेंगा हाताला लागत नाहीत आणि ठिसूळ लाकूड वळवाच्या वाऱ्यात मोडते. फांदीवर चढण्याच्या फंदात कुणी पडू नये. पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके दाटीने बसतात, अंगाला लागले की आग होते. दारात शेवगा नको असे म्हणणाऱ्यांचे निम्मे कारण हेच असावे.

शेवग्यासारखाच झपाट्याने वाढतो तो हादगा. पानमळ्यात नागवेलीला आधार आणि सावली म्हणून तो लावत आले आहेत. पश्चिम महाराष्ट्रात याच नावाचा मुलींचा खेळ आहे. तसाच खेळ खानदेशात भुलाबाईच्या नावाने चालतो. फुलांची भाजी पीठ पेरून करतात, पण आधी आतला केसर काढावा लागतो, नाहीतर कडूपणा उतरतो. गोडनिंब तर सर्वांच्या ओळखीचा. त्याच्या मुळांतून फुटलेली रोपे खोदून शेजाऱ्यांना देता येतात.

केळीची गोष्ट वेगळी, आणि जळगाव जिल्ह्यात ती टाळताही येत नाही. केळ हे झाड नव्हे, झाडाएवढी वाढणारी बहुवर्षायू वनस्पती. मूळ खोड एक घड देऊन संपते आणि बुंध्याशी आलेले पील त्याची जागा घेते. ते राखून घेतलेले पीक म्हणजे पीलबाग. रावेर-यावलच्या बागांत घडाच्या फण्या पूर्ण उमलल्या की खालचे केळफूल कापतात, म्हणजे जोर फळात जातो. कापलेले केळफूल बहुतेक बांधावर पडते. कोकणात याच फुलाची भाजी आवडीने होते. हाताला तेल लावून जांभळी साले काढायची, प्रत्येक कळीतला कडक दांडा आणि पारदर्शक पापुद्रा वेगळा करायचा, चिरलेली फुले रात्रभर ताकाच्या पाण्यात ठेवायची, की तुरटपणा जातो. काम वेळखाऊ आहे, हे कबूल. मात्र एक चौकशी केलीच पाहिजे: फुलकिडे आवरण्यासाठी अनेक बागांत केळफुलातच कीटकनाशकाचे इंजेक्शन देतात. तसल्या बागेचे फूल खाऊ नये.

साक्री आणि शिरपूरच्या डोंगराळ पट्ट्यात, यावल-रावेरच्या सातपुड्यात कर्टुले पावसाबरोबर येते. वेल हिवाळ्यात वाळतो, पण कंद जमिनीत जिवंत राहतो आणि आषाढाच्या सुमारास पुन्हा कोंब फुटतात. याचे नर आणि मादी वेल वेगळे असतात. बियांपासून लावलेल्या वेलाला फूल येईपर्यंत तो काय आहे ते कळत नाही. म्हणून लागवड करणारे मादी वेलाचे कंद लावतात आणि आठ-दहा वेलांमागे एक नर ठेवतात. नर कमी पडला तर हाताने परागकण लावावे लागतात. कंद राखून ठेवला नाही, सगळाच खणून नेला, तर पुढच्या वर्षी भाजी कुठून येणार? ऑगस्टात, 9 तारखेच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवात ही भाजी मुख्य आकर्षण असते.

शोभेच्या झाडांतही खाण्याजोगे बरेच आहे. लाल देठाचा मायाळू कुंपणावर शोभतो आणि त्याच्या पानांची भजी होतात. कुंडीतल्या पानओव्याचीही होतात. जास्वंदाच्या पाकळ्या सरबताला आणि गोकर्णीची निळी फुले चहाला चालतात. पण बागेतले प्रत्येक फूल ताटात येत नाही. कण्हेर आणि पिवळी कण्हेर हृदयावर घात करणारी विषे बाळगून असतात. आळूसारख्या दिसणाऱ्या शोभेच्या कॅलेडियमच्या पानांनी तोंड-घसा सुजतो. खरा आळूही चिंच घालून नीट शिजवल्याशिवाय खाजवतोच. रोपवाटिकेतून आणलेल्या फुलझाडांवर फवारणी झालेली असते, त्यामुळे खाण्यासाठी नव्याने आलेली फुलेच घ्यावीत.

लावणीला घाई नको. शेवग्याची फांदी, तोंडलीची कांडी आणि कर्टुल्याचा कंद, तिन्ही मृगाच्या दमदार पावसानंतर लावावीत. मे महिन्याच्या मातीत ती भाजून निघतात.