गाडी 'मोकळी' करण्याआधी : भाग ६

मागच्या भागात कॉम्प्रेशन पाहिलं. या वेळचा विषय तेल्हाऱ्याच्या काय, कुठल्याही गावच्या पोरांचा आवडता: कंपनीचा एअर फिल्टर डबीसकट काढायचा, त्या जागी उघडा शंकूसारखा फिल्टर बसवायचा, मेन जेट वाढवायचा, की गाडी 'मोकळी' झाली. रोजच्या गाडीला हा सौदा तोट्याचा आहे, आणि ते आकड्यांनीच दिसतं. स्प्लेंडरचं 97.2 सीसीचं इंजिन मिनिटाला 8000 फेरे घेत असलं, तरी दर दोन फेऱ्यांना एकदाच हवा ओढतं. म्हणजे मिनिटाला फार तर 389 लिटर, आणि कंपनीचा फिल्टर तेवढ्याच हिशेबानं दिलेला असतो. अकोट रोडनं पन्नासच्या स्पीडनं जाताना तर थ्रॉटल थोडाच उघडा असतो. हवा अडते ती तिथे. मागे फिल्टर कोणताही लावा.

उलट डबी काढली की फिल्टर इंजिनाच्या उबेत येतो. वैशाखात बाहेर 45 अंश असताना त्यानं 60 अंशांची हवा ओढली, तर तिची घनता साडेचार टक्क्यांनी घटते. तेवढी ताकद आपणच पैसे देऊन घालवली! त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला 14.7 भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण 13.5. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला हवा आधीच जास्त होते. ती आणखी वाढवली की इंजिन तापतं, पिकअप घेताना अडखळतं. प्लग काढून पाहा: टोक बदामी असेल तर मिश्रण बरोबर, पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी, काळं काजळलेलं असेल तर जास्त. जेट वाढवायचाच तर प्लग बघून, मित्राच्या गाडीत कोणता नंबर आहे ते ऐकून नव्हे.

'पण गाडी पळते, हे जाणवतं ना!' जाणवतो तो बहुधा आवाज. डबी गेली की हवा ओढण्याचा घोगरा आवाज थेट कानावर येतो. शर्यतीच्या गाड्या उघड्या फिल्टरवर धावतात हेही खरं, पण त्यांचं इंजिन वरचेवर खोलतात. आपली गाडी गिट्टी-मुरमाच्या धुळीतून रोज शेतात जाते. स्वस्त जाळीतून शिरलेली ती धूळ ऑइलमध्ये मिसळली की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखी काम करते: आधी रिंगा जातात, मग बोअर, मग गाडी ऑइल खाते. 2020 नंतरच्या बीएस-6 गाडीत सेन्सर पेट्रोल जुळवून घेतो, असाही एक युक्तिवाद आहे. तो संथ चालीपुरता बरोबर. थ्रॉटल पूर्ण उघडला की ईसीयू त्याच्यात भरलेल्या तक्त्यावर चालतो, आणि तो तक्ता कंपनीच्या फिल्टरसाठी लिहिलेला असतो.

कायद्याचंही सांगून ठेवतो: नियमात न बसणारा बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182-अ(4) प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा फोमचा फिल्टर असेल तर धुऊन, वाळवून, तेल लावून बसवा. कागदाचा असेल तर धुळीच्या दिवसांत मॅन्युअलमधल्या मुदतीची वाट न पाहता बदला.