चुकायची मुभा असलेली लढाई

नाशिकच्या गांधीनगरला लष्करी हेलिकॉप्टर वैमानिकांची शाळा आहे, देवळालीला तोफखान्याची. अशा प्रशिक्षणात आधी नकली यंत्रावर हात बसवायचा, ही रीत जुनीच. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये जमिनीवर डुलणारे सराव-विमान बनवले होते.

संगणकावरच्या युद्धखेळातल्या ‘ट्रेनिंग मिशन’चे तत्त्वही तेच. आधी नुसता आडोसा, मग नेम, मग दोन्ही एकत्र. चूक लगेच कळते, डाव पुन्हा मांडता येतो. हालचाली अंगवळणी पडल्या की मेंदू डावपेचांसाठी मोकळा होतो. ग्रीन आणि बावेलिये या संशोधकांच्या २००३ च्या प्रयोगात रोज तासभर, दहा दिवस असा खेळ खेळलेल्या नवख्यांचे दृश्य-अवधान सुधारले.

मात्र पडद्यावर ना वारा लागतो, ना जिवाची भीती. म्हणूनच देवळालीच्या माळावर खरी तोफ डागावीच लागते.