सहा तारा आणि विस्मरणाची भीती

"डॉक्टर, माझी स्मरणशक्ती गेली," असे म्हणत ७१ वर्षांचे एक निवृत्त गृहस्थ गेल्या पावसाळ्यात दवाखान्यात आले. सोबत चिंताक्रांत सूनबाई. नातवाने अडगळीत टाकलेली गिटार त्यांनी हाती घेतली होती आणि तिच्यावरील स्वरांचा तक्ता महिनाभर वाचूनही पाठ होत नव्हता.

सहा तारा, प्रत्येकीवर धातूच्या पट्ट्यांमधील १२ घरे. म्हणजे ७२ जागा. एकदम गिळू पाहिल्यास विशीतला तरुणही अडखळेल. त्यांचा हिशेब, तारीख-वाराचे भान, रस्त्यांची ओळख सारे शाबूत होते. उतारवयात नवे शिकण्यास वेळ अधिक लागतो. तो आजार नव्हे. मात्र पैशांचे व्यवहार चुकू लागले, रोजची वाट हरवू लागली, तर तपासणी टाळू नका. बी-१२ची कमतरता वा थायरॉइडचा दोषही विस्मरणामागे असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

भजनामुळे त्यांना पेटी येत होती. तेथूनच मार्ग सापडला. पेटीत पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्यामध्ये काळी पट्टी नसते. तेच दोन स्वर म्हणजे गिटारवरील ई आणि एफ. म्हणून तेही लगतच्या घरांत येतात. बी आणि सी यांचेही तसेच. इतर शेजारी स्वरांमध्ये एक घर सुटते. सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ई. मग पहिल्या घरात एफ, तिसऱ्यात जी, पाचव्यात ए, सातव्यात बी, आठव्यात सी, दहाव्यात डी आणि बाराव्यात पुन्हा ई. सर्वांत बारीक तारेवरही हीच नावे, त्यामुळे एकीच्या श्रमात दोन तारा पदरी पडतात.

तक्ता मात्र मिटून ठेवावा. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटे, न पाहता आठवावे. सूनबाईंना एवढेच सांगितले, की जाता-येता विचारा, "बाबा, सातव्या घरात काय?" आणि उत्तर पुरवू नका. आठवताना पडणारा ताण हाच खरा अभ्यास. प्रेमापोटी आपण तोच हिरावून घेतो. (घरी मीही त्यातलाच.)

बोटांचीही काळजी हवी. नायलॉनच्या तारांची गिटार मऊ पडते. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असल्यास तारेचा काच जाणवत नाही. वाजवून झाल्यावर बोटे नीट न्याहाळावीत. बोट वाकताना अडकू लागले, तर वादन थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

पहिल्या तारेला त्यांना १२ दिवस लागले. परवा रक्तदाब मोजत असताना त्यांनी मलाच विचारले, "ए तारेच्या पाचव्या घरात काय?" मी गप्प राहिलो. त्यांनीही उत्तर सांगितले नाही.