ज्या कधी भेटल्याच नाहीत : 'वॉर पेंट' आणि मान्यतेचा प्रश्न

मागच्या व्याख्यानात आपण हेगेलची मान्यतेची कल्पना पाहिली. 'मी कोण' हे माणसाला एकट्याने कळत नाही, दुसऱ्या कुणीतरी ते ओळखावं लागतं. पण मालकाची पंचाईत अशी, की त्याला मान देतो तो त्याचा दास. ज्याला आपण बरोबरीचा समजत नाही, त्याने दिलेल्या मानाची किंमत ती काय? याचं जरा हाताला लागेल असं उदाहरण आज घेऊ.

'वॉर पेंट' हे अमेरिकन संगीत नाटक २०१६ साली शिकागोत आणि २०१७ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं. संहिता डग राइट यांची, संगीत स्कॉट फ्रँकेल यांचं, गीतं मायकेल कोरी यांची. हेलेना रुबिनस्टाइन साकारली पॅटी ल्यूपोन यांनी, एलिझाबेथ आर्डन क्रिस्टीन एबरसोल यांनी. या दोघी व्यक्ती इतिहासातल्या, सौंदर्यप्रसाधनांचा व्यवसाय उभा करणाऱ्या.

हेलेना क्राकोच्या ज्यू कुटुंबातली. ऑस्ट्रेलियात जाऊन मेलबर्नला क्रीम विकू लागली, मग लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क. एलिझाबेथ कॅनडातली, मूळ नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल ग्रॅहम. तिने १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर आपलं सलून थाटलं. आता बघा, अमेरिकेत देशभर स्त्रियांना मताचा हक्क मिळाला तो १९२० मध्ये. म्हणजे मत देता येत नव्हतं, तेव्हा या बायका धंदा चालवत होत्या!

आणि वैर? आर्डनने रुबिनस्टाइनचा व्यवस्थापक फोडला, तर रुबिनस्टाइनने आर्डनच्या घटस्फोटित नवऱ्याला कामावर घेतलं. अनेक दशकं एकाच शहरात व्यवसाय केला, पण दोघी कधी भेटल्या नाहीत, असंच सांगितलं जातं.

इथे हेगेल उपयोगी पडतो. नोकर, गिऱ्हाईक, नवरा, सगळे त्यांना मान देत असतील. पण पुरुषांच्या बाजारात बाईने एवढं साम्राज्य उभारायचं म्हणजे काय, हे आतून जाणणारी व्यक्ती फार तर एकच होती, आणि ती होती प्रतिस्पर्धी. म्हणून वैर हे निव्वळ वैर राहत नाही. दुसरीवर सतत नजर ठेवणं ही तिला बरोबरीची मानल्याचीच कबुली असते. फक्त ती तोंडाने दिली जात नाही, म्हणून मान्यता अर्धीच राहते.

नाटक शेवटी दोघींना समोरासमोर आणतं. कुणी म्हणेल, हे तर खोटं! ॲरिस्टॉटल म्हणाला असता, घडलं ते सांगणं इतिहासाचं काम, घडू शकलं असतं ते सांगणं काव्याचं. इतिहासात अर्धी राहिलेली मान्यता रंगमंचावर पुरी होते.

पण एवढ्यावर समाधान मानू नका. या दोघींना एकमेकींची मान्यता मिळाली, असं धरू. त्यांचं क्रीम विकत घेणाऱ्या बाईचं काय? रंगवलेला चेहरा एकेकाळी बदनाम समजला जाई. तो उजळ माथ्याने मिरवण्याची मोकळीक तिला मिळाली, हे खरं. पण त्याच वेळी 'तुझा चेहरा आहे तसा पुरेसा नाही' हेही तिला रोज ऐकवलं गेलं. मग आरशासमोर ती स्वतःच्या नजरेने पाहते की दुसऱ्याच्या? आपण स्त्रियांना मोकळं केलं की बांधलं, हा प्रश्न या दोघींच्या वैरापेक्षा मोठा आहे. मला वाटतं, उत्तर दोन्हीकडे आहे, आणि म्हणूनच तो सोडून देता येत नाही.

पुढच्या वेळी याच धाग्यावरून सिमोन द बोव्हारकडे जाऊ.