नवसाचा चित्रकार

जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव चांदीच्या पेटीत जपून ठेवले आहे. दर दहा वर्षांनी ते दर्शनासाठी खाली काढतात आणि देशोदेशीची माणसे रांगा लावतात. ज्या मुलाचे नाव या संतावरून पडले, त्याने पुढे जन्मभर मरणाशी झोंबणारी चित्रे काढावीत, यात नवल ते काय?

फ्रान्सिस न्यूटन सूझा हा सालिगावचा. जन्म १२ एप्रिल १९२४. तो तीन महिन्यांचा असताना वडील वारले, पुढे थोरली बहीण गेली, आणि मग त्यालाच देवी आल्या. आई संताला नवस बोलली. पोर जगले आणि न्यूटनच्या आधी ‘फ्रान्सिस’ लागले. (आपण या रोगाला देवी म्हणतो, या घरी धावून आला तो संत!) ही माउली मुंबईस येऊन शिवणकामावर संसार चालवू लागली.

भांडुप-मुलुंडहून गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरणाऱ्या वाचकांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे फाटक परिचयाचे असेल. ‘छोडो भारत’ चळवळीपायी १९४५ साली सूझाला तेथून काढून टाकले. १९४७ साली रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांच्यासह त्याने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. १९४९ साली लंडन गाठले, १९६७ साली न्यूयॉर्क.

सेबॅस्टियन हा बाणांनी विंधलेला प्राचीन ख्रिस्ती हुतात्मा. चर्चमधल्या चित्रांत तो उघड्या अंगाचा, देखणा, नजर आभाळाकडे लावलेला असतो. सूझाने १९५५ साली ‘मिस्टर सेबॅस्टियन’ रंगवला तो कोट घातलेला, कचेरीला निघालेला वाटावा असा गृहस्थ! बाण मात्र चेहऱ्यात अन् मानेत रुतलेले. मारेकरी कोठेच दिसत नाहीत. लंडनच्या टेट संग्रहातील ‘क्रुसिफिक्शन’मधला (१९५९) ख्रिस्त काळा आणि काटेरी आहे. त्याच्यापुढे हात जोडावेसे वाटत नाहीत, अंग चोरावेसे वाटते.

त्याच्या नग्नचित्रांना पुष्कळांनी नाके मुरडली. मला विचाराल, तर त्यांतला देह भोगाचा कमी आणि नाशाचा अधिक आहे. १९६६ साली तर त्याने काळ्यावर काळा रंग थापलेली चित्रे मांडली. उजेड तिरपा पडला की जाड रंगाच्या उंचवट्यांतून आकृती दिसावी, पाहणारा जरा बाजूला सरला की विरून जावी.

त्याच्या १९५५ सालच्या ‘बर्थ’ला, म्हणजे ‘जन्मा’ला, २०१५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ४० लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. ती पाहायला सूझा नव्हता. २८ मार्च २००२ रोजी तो मुंबईतच वारला. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याला पुरले आहे.