सुटे सेंट आणि भोकाचा पैसा

मुलांनो, ते रापाला दुकानात रोख पैसे दिलेत तर सुटे सेंट मागू नका. सगळ्यात लहान नाणे 10 सेंटचे. बिलाच्या शेवटी 1 ते 4 आले तर सोडतात, 6 ते 9 आले तर पुढच्या दहावर नेतात, 5 आले तर दुकानदाराची मर्जी! औषधाचे थेंब मोजण्यात जन्म गेला माझा, मला हा हिशेब ढिसाळच वाटतो.

5 सेंटच्या नाण्यावर तुआतारा होता. दिसतो सरड्यासारखा, पण सरडा नव्हे. 2006 साली ते बंद झाले, जुनी मोठी 10, 20, 50 सेंटची नाणीही गेली. दुकानात चालत नाहीत, पण रिझर्व्ह बँक बदलून देते. आजीच्या डब्यात असतील तर टाकू नका.

वडीलधाऱ्यांनो, आपला भोकाचा पैसा आठवतो? चौसष्टांचा रुपया व्हायचा. 1957 साली नवे पैसे आले, आणि तो हळूहळू पोरांच्या करगोट्यात गेला.